ठिबक: नळीच्या शेवटची झाडं माना टाकतात. वेळ वाढवू की ॲसिड सोडू?

प्रश्न (टोमॅटो_ठिबक)

नमस्कार मंडळी. पीक टोमॅटो, फळं धरली आहेत. दोन ओळींतलं अंतर दीड मीटर, १६ मिमी इनलाइन नळी (ड्रिपर आतच बसवलेली), ड्रिपर दर ४० सेंमीला आणि ताशी ४ लिटरचा. एका भागात १६ नळ्या, प्रत्येक ७५ मीटर लांब, सगळ्या एकाच टोकाच्या सबमेनवर (नळ्यांना पाणी देणारा पाइप). रान सपाट आहे. पाणी बोअरचं, उघड्या टाकीत साठवून पुढे येतं, टाकीत शेवाळ आहे. पुढे फक्त जाळीचा फिल्टर. रोज एक तास पाणी देतो.

सबमेनजवळची झाडं जोमात, शेवटच्या २५-३० मीटरमधली दुपारी माना टाकतात. तिकडे काही फळांची बुडंही काळी पडलीत. ड्रिपरवर पांढरा थर दिसतो. एक तासाचे दोन तास करू, की आधी थर विरघळवायला ॲसिड प्रक्रिया? पंपाचा दाब वाढवून भागेल का?

उत्तर १ (दाबमापी)

आधी मोजा, मग ॲसिडच्या कॅनला हात लावा. पाणी कमी पडण्याची कारणं दोन असतात: नळीत दाब उरत नाही, किंवा ड्रिपर चोंदलेत. लांबून दोन्ही सारखीच दिसतात, इलाज मात्र वेगळे.

ड्रिपरखाली खड्डा करून डबा ठेवा आणि बरोबर ६ मिनिटं पाणी धरा. ६ मिनिटं म्हणजे तासाचा दहावा भाग, त्यामुळे ४०० मिली भरलं की ताशी ४ लिटर. एका नळीवर पाच ठिकाणी मोजा: सुरुवात, पाव, अर्धी, पाऊण, शेवट. शिवाय प्रत्येक ठिकाणी शेजारचे दोन ड्रिपरही मोजा, खरा उलगडा तिथेच होतो. दाबाची अडचण असेल तर शेजारी शेजारी सारखे निघतात आणि नळीभर आकडा ओळीने उतरत जातो. चोंदलेलं असेल तर एक ३५० आणि त्याच्या शेजारचा ९०, असा धरबंध नसलेला प्रकार दिसतो.

ड्रिपर साधे असतील, म्हणजे दाब नियंत्रित करणारे नसतील, तर पंपाचा दाब वाढवून काही साधत नाही. दोन्ही टोकांचं पाणी वाढतं, फरक होता तेवढाच राहतो. वर जॉइनर निसटायला लागतात ते वेगळंच.

प्रश्नकर्ता

मोजलं. अनुक्रमे ३९०, ३१५, २६५, २४५, २४० मिली. शेजारचे बहुतेक १० मिलीच्या आत सारखे. मात्र शेवटच्या भागात तीन ड्रिपर ९० ते ११० वर आहेत, पांढरा थर त्यांच्यावरच जास्त. एंड कॅप (नळीच्या टोकाचं बूच) उघडल्यावर आधी काळपट गाळ आला, मग पाणी. नळीच्या तोंडाशी दाब १ किलोच्या (चौरस सेंमीला) जरा खाली.

उत्तर १ (दाबमापी)

मग मुख्य दुखणं दाबाचंच. आकडे कसे उतरलेत बघा: पहिल्या अर्ध्या नळीत १२५ मिली गेले, उरलेल्या अर्ध्यात जेमतेम २५. नळीच्या तोंडाशी सगळ्या ड्रिपरचं पाणी एकत्र वाहत असतं म्हणून घर्षण तिथे जास्त. पुढे पाणी कमी होत जातं, तसं घर्षणही उतरतं. चोंदल्याने असा नेटका उतार कधी पडत नाही.

हिशेब: ७५ मीटरमध्ये ४० सेंमीने साधारण १८७ ड्रिपर, प्रत्येकी ४ लिटर म्हणजे एका नळीला ताशी ७५० लिटर हवेत. १६ मिमी नळीला इतक्या लांबीवर हे झेपत नाही, निम्म्याहून जास्त दाब वाटेतच खर्च होतो.

उभ्या पिकात सोपा इलाज म्हणजे ६३ मिमीची सबमेन रानाच्या मधोमध घेऊन नळ्यांना तिथून दोन्ही बाजूंना पाणी द्यायचं. नळी साडेसदतीस मीटरची झाली की तोंड आणि टोक यांच्या पाण्यातला फरक १० टक्क्यांच्या आत येतो. जुन्या सबमेनकडची तोंडं एंड कॅपने बंद करा. पुढच्या हंगामात नळ्या बदलायच्याच असतील तर ताशी २ लिटरचे ड्रिपर घेऊन वेळ दुप्पट करा, किंवा नळी २० मिमीची घ्या. दोन्ही चालतं, पण आत्ता झाडांच्या बुडातून नळ्या उपसू नका.

उत्तर २ (वाफसा)

दाबमापींच्या म्हणण्याला एक पुरवणी. आज तुमच्या १६ नळ्या मिळून ताशी साडेआठ-नऊ हजार लिटर घेतात. मधून जोडल्यावर सगळे ड्रिपर पूर्ण चालतील आणि मागणी पावणेबारा हजारांच्या घरात जाईल. पंप तेवढं देत नसेल तर तोंडाचाच दाब पडेल आणि सगळं रान सारखं उपाशी राहील. तेव्हा दोन बाजूंना दोन व्हॉल्व्ह बसवा आणि आळीपाळीने चालवा.

आता वेळेचं. १ मिमी पाणी म्हणजे चौरस मीटरला १ लिटर. तुमच्या एका ड्रिपरच्या वाट्याला १.५ × ०.४ = ०.६ चौरस मीटर जागा. बाष्पीभवन पात्रात दिवसाला ६ मिमी दिसत असेल तर ६ × ०.७ (पात्र गुणांक) × १.१५ (भर फळातल्या टोमॅटोचा पीक गुणांक) = ४.८ मिमी. ठिबकची कार्यक्षमता ९० टक्के धरून ५.४ मिमी, म्हणजे ड्रिपरला साधारण ३.२ लिटर. तोंडाच्या ड्रिपरला ते ४९ मिनिटांत मिळतं, शेवटच्याला ८० मिनिटं लागतात. तुमच्या एका तासात पुढचं झाड थोडं जास्त पितं आणि मागचं पाऊण वाट्यावर राहतं. दोन तास केलेत तर पुढे ७.८ लिटर पडेल. मुळांपाशी हवा राहणार नाही आणि नत्र खाली वाहून जाईल.

तोवर कामचलाऊ म्हणून ८० मिनिटं चालवा, पण सलग नको, सकाळी ४० आणि दुपारनंतर ४०. पुढच्या भागात रोज १५ सेंमी खालची माती मुठीत दाबून पाहा. गोळा होऊन अंगठ्याने फुटला तर वाफसा आहे. तळहात ओला होत असेल तर १० मिनिटं कमी करा.

ठिबकमधून खत सोडत असाल तर तेही याच मापाने वाटलं जातं, पुढच्या झाडाला मागच्याच्या दीडपटीहून जास्त. बूड काळं पडणं हा कॅल्शियमच्या कमतरतेचा रोग म्हणतात ते खरं, पण जमिनीत कॅल्शियम असूनही ओल एकसारखी नसली की ते फळापर्यंत पोचत नाही. नुसत्या फवारण्या मारत बसू नका.

उत्तर ३ (फिल्टरवाला)

ते तीन चोंदलेले ड्रिपर आणि गाळ राहिलेच की! थराचा तुकडा काढून त्यावर ॲसिडचा थेंब टाका. फसफसला तर तो चुन्याचा थर, ॲसिडने जाईल. काळपट आणि बुळबुळीत असेल तर शेवाळ आणि जिवाणू, तिथे ॲसिड कामाचं नाही, क्लोरीन लागतं. तुमच्याकडे दोन्ही दिसतंय.

पहिलं काम फ्लशिंग, म्हणजे नळ्या जोराच्या पाण्याने धुणं. आधी सबमेन धुवा, मग एका वेळी चार-पाचच नळ्यांचे एंड कॅप उघडा. सोळा एकदम उघडल्या तर पाण्याला जोरच राहत नाही आणि गाळ जागचा हलत नाही. पाणी नितळ येईपर्यंत चालू द्या.

ॲसिडचं प्रमाण ऐकीव आकड्यावर ठरवू नका, पाण्यागणिक ते बदलतं. प्लास्टिकच्या बादलीत तुमचंच १० लिटर पाणी घ्या. हायड्रोक्लोरिक ॲसिड १-१ मिलीने घालत ढवळा आणि पीएच कागदावर ४ येईपर्यंत मोजा. समजा ७ मिली लागलं, तर लिटरला ०.७ मिली. तुमचा प्रवाह मिनिटाला साधारण १५० लिटर, म्हणजे मिनिटाला १०५ मिली आणि १५ मिनिटांसाठी सुमारे १.६ लिटर ॲसिड. व्हेंच्युरी (पाण्याच्या ओढीने खत-ॲसिड आत घेणारं साधन) इतकं थोडं ओढत नाही, म्हणून ते २० लिटर पाण्यात मिसळा आणि बरोबर १५ मिनिटांत संपेल असा व्हॉल्व्ह लावा. शेवटच्या ड्रिपरखाली पीएच कागद धरून बघा, तिथे ४ दिसायला सात-आठ मिनिटं सहज जातात. मग पंप बंद. २४ तास नळीत तसंच राहू द्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा फ्लश करा.

पाण्यात ॲसिड घालायचं, ॲसिडमध्ये पाणी कधीच नाही. हातमोजे आणि चष्मा हवाच. ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र आली तर विषारी क्लोरीन वायू सुटतो. डबे, मापं, दिवस, सगळं वेगळं ठेवा.

उघड्या टाकीच्या पाण्याला नुसती जाळी पुरत नाही. आधी वाळूचा फिल्टर, मग जाळीचा. फिल्टरच्या दोन्ही बाजूंना दाबमापक लावा. फरक अर्ध्या किलोवर गेला की बॅकवॉश (उलटं पाणी सोडून फिल्टर धुणं). टाकीवर शेडनेट टाका आणि फूटव्हॉल्व्ह (पंपाच्या शोषण पाइपचं तोंड) तरंगत्या डब्याला बांधून पृष्ठभागाच्या अर्धा मीटर खाली ठेवा. तळाचा गाळ आणि वरचं शेवाळ, दोन्ही टळतं.

एक विचारायचं राहिलं: कॅल्शियम नायट्रेट आणि १२:६१:०० (स्फुरदाचं विद्राव्य खत) एकाच टाकीत कालवता का?

प्रश्नकर्ता

हो, वेळ वाचावा म्हणून दोन्ही एकत्रच सोडतो.

उत्तर ३ (फिल्टरवाला)

मग थराचा काही भाग तिथलाच. कॅल्शियम आणि स्फुरद भेटले की साका बसतो. मॅग्नेशियम सल्फेटचंही कॅल्शियम नायट्रेटशी तेच. दोन्हींचे दिवस वेगळे करा. खत सोडताना आधी १५ मिनिटं साधं पाणी, मग खत, आणि शेवटी पुन्हा १५ मिनिटं साधं पाणी, म्हणजे ड्रिपरच्या तोंडाशी खत सुकत नाही. ॲसिड झाल्यावर त्याच पाच ठिकाणी आणि त्या तीन ड्रिपरवर पुन्हा डबे लावा, आकडे इथे टाका.