विषय: दिवाळीचा शिल्लक निधी आणि पाहारोतली शेतमजूर कुटुंबं

सचिव:
सप्रेम नमस्कार मंडळी,
दिवाळीच्या कार्यक्रमातून उरलेली रक्कम कॅलिफोर्नियातल्या पाहारो-वॉटसनव्हिल भागातल्या स्ट्रॉबेरी मजुरांना द्यायची असं कार्यकारिणीत ठरलं आहे. ब्लँकेटं आणि शिधा वाटावा असा विचार आहे. सूचना रविवारपर्यंत कळवा.

सभासद, वॉटसनव्हिल:
दादा, निर्णय ऐकून खूप बरं वाटलं. पण ब्लँकेटांऐवजी भाडं भरूया.

मी शनिवारी शिधावाटपाला जाते. तांदूळ, बीन्स लोक नेतात, पण घोर असतो तो भाड्याच्या एक तारखेचा. तोडणी एप्रिलच्या सुमारास जोर धरते आणि नोव्हेंबरात आटपते. मग पाऊस, आणि काम नाही तर मजुरी नाही. इथे राहण्याची कागदपत्रं नसलेल्यांना बेकारी भत्ता मिळत नाही. मार्च २०२३ मध्ये पाहारो नदीचा बांध फुटला तो नेमका असाच, हिवाळाभर हात रिकामे राहिल्यावर. गाव रिकामं करावं लागलं, शेतं पाण्याखाली गेली, हंगाम लांबला. भाडं थोडंच थांबतं?

गेल्या फेब्रुवारीत एका ओळखीच्या घरी गेले तर दाराला चिकटपट्टीने नोटीस लावलेली. सगळी इंग्रजीत. आई मेक्सिकोतल्या वाहाकाची, घरात मिश्तेको ही तिकडची आदिवासी भाषा बोलणारी. स्पॅनिशही तिला बेताचीच. आठवीतल्या मुलीने वाचून सांगितलं: तीन दिवसांत भाडं भरा, नाहीतर घर सोडा. शनिवार-रविवार आणि कोर्टाच्या सुट्ट्या त्यात धरत नाहीत, एवढाच काय तो दिलासा. अर्धे पैसे स्वीकारले तर नोटीस सहसा बाद होते, म्हणून पुष्कळ मालक अर्धे घेतच नाहीत. तेव्हा दहा घरांना थोडं थोडं देण्यापेक्षा तीन घरांची थकबाकी पूर्ण फेडलेली बरी. एकदा घर सुटलं की नव्या घराला डिपॉझिट आणि पहिलं भाडं एकदम लागतं. ते कुठून आणणार? मग दोन कुटुंबं एका खोलीत, नाहीतर कुणाच्या तरी गॅरेजमध्ये.

खजिनदार:
ताई, पटलं. दोन शंका. मंडळाचा चेक मालक घेईल का? आणि आपण कागदपत्रं तपासायची का?

सभासद, वॉटसनव्हिल:
काका, चेक घ्यावा लागतो. भाडेकरूच्या वतीने तिसऱ्याने दिलेलं भाडं स्वीकारावं असा कॅलिफोर्नियात २०१९ पासून कायदा आहे. ‘आम्ही भाडेकरू नाही आणि या पैशाने भाडेकरू होत नाही’ एवढं मंडळाने सही करून द्यायचं. त्याचा मसुदा आधीच तयार ठेवूया, कारण तीन दिवसांत कार्यकारिणीची बैठक बोलावणं जमायचं नाही.

कागदपत्रं अजिबात मागू नयेत. इथे घरमालकालासुद्धा भाडेकरूचं इमिग्रेशन स्टेटस विचारता येत नाही, मग आपण कशाला विचारायचं? भाड्याचा पुरावा आणि नोटीस पाहिली की पुरे. कुटुंबांची नावं या मेलिंग लिस्टवर कृपया कुणीही लिहू नयेत.

आणखी एक. घर खाली करण्याच्या दाव्याचे कोर्टाचे कागद आले की घाबरून लोक गप्प बसतात आणि उत्तर न दिल्यामुळेच हरतात. २०२५ पासून उत्तराला पाचऐवजी कोर्टाच्या कामकाजाचे दहा दिवस मिळतात. आपल्यातले वकील तेवढ्या वेळात त्यांना कायदेशीर मदत केंद्रापर्यंत नेऊन पोचवतील का?

सचिव:
ब्लँकेटांची ऑर्डर थांबवली आहे. रक्कम जानेवारी ते मार्चच्या भाड्यासाठी राखून ठेवू. चेकवर सह्या करायला खजिनदार आणि मी, दोघे कधीही तयार आहोत. स्पॅनिश येणाऱ्यांनी आणि वकील मंडळींनी मला वेगळी मेल करावी.