इंदूर: आरटीईची सीट आठवीला संपतेय, नववीला सरकारी शाळेत घालावं का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, इंदूरकडचं कोणी सरकारी हायस्कूलमध्ये शिकवत असेल किंवा कोणाची मुलं तिथे शिकली असतील तर प्लीज सांगा. आमच्याकडे पोळ्यांना येणाऱ्या ताईंची मुलगी आठवीत आहे, प्रायव्हेट इंग्लिश मीडियममध्ये, आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याच्या) २५ टक्के राखीव सीटांतून. गणितात खूपच हुशार. पण आरटीई आठवीपर्यंतच, नववीपासून पूर्ण फी भरायची आणि ती ताईंना झेपणारी नाही.

मला सगळ्यात जास्त काय खटकतं, तर आठवीत ती एनएमएमएसची शिष्यवृत्ती परीक्षा असते ना, निवड झाली की नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात, ती फक्त सरकारी आणि अनुदानित शाळेतल्या मुलांना देता येते. घरची परिस्थिती तीच, पण शाळा प्रायव्हेट म्हणून ही पोरगी त्यातून बाहेर. हे बदलायलाच हवं असं मला मनापासून वाटतं.

आता पर्याय म्हणजे सरकारी एक्सीलेंस शाळा, म्हणजे आपलं बाल विनय मंदिर, तिथे नववीला एंट्रन्स द्यावी लागते, नाहीतर एखादं सांदीपनी (राज्य सरकारची मॉडेल शाळा, पूर्वीचं सीएम राइज), नाहीतर घराजवळची साधी सरकारी शाळा. सरकारीत पुस्तकं फुकट, कायमस्वरूपी शिक्षक भरती परीक्षा देऊन आलेले असतात, दहावीत चांगले मार्क मिळाले आणि निवड झाली तर इथल्या मल्हाराश्रम या सरकारी शाळेत, सुपर १०० योजनेत जेईई-नीटची तयारी होते, बारावीला एमपी बोर्डात ७५ टक्के मिळाले तर लॅपटॉपसाठी २५,००० मिळतात. हे सगळं चांगलंच आहे, नाही कशाला म्हणू.

भीती वाटते ती अतिथी शिक्षकांची, म्हणजे मानधनावर तात्पुरते घेतलेल्या शिक्षकांची. म्हणजे ते शिकवत नाहीत असं नाही हो, बिचारे कमी मानधनात खूप करतात, पण कायम शिक्षकाची बदली झाली आणि अतिथी यायला उशीर झाला तर मधले महिने सायन्सच्या पिरियडला मुलं नुसती बसून राहतात, आणि दहावीच्या आधी असं झालं तर ट्यूशन लावायची ऐपत यांची नाही. शिवाय पहिलीपासून इंग्लिशमध्ये शिकलेली मुलगी नववीत एकदम हिंदी मीडियमला टिकेल का?

तर सांगा, एक्सीलेंसला इंग्लिश मीडियमच्या सीटा मिळतात का, सांदीपनीत गणित-सायन्सला कायम शिक्षक आहेत का, आणि एंट्रन्सचे जुने पेपर कोणाकडे असतील तर इथेच टाका, मी रोज संध्याकाळी तिला घेऊन बसेन.