चालता धंदा विकावा की ठेवावा? तुमचे अनुभव लिहा

काल कपाट आवरताना जुन्या किल्ल्यांचा जुडगा सापडला, आमच्या छापखान्याचा. विकून ९ वर्षं झाली, कुलपंही कधीच बदलली असतील, तरी टाकवेना. मागच्या दाराच्या किल्लीचा एक दात झिजलेला, ती जरा वर उचलून फिरवावी लागायची. हाताला अजून आठवतं. धंदा जोरात असताना विकला. बरोबर केलं का, ते आजही एका दमात सांगता येत नाही. तुम्ही विकलात, की नाही म्हणालात?

---

विकला आणि पस्तावलो. फसवलं कोणी नाही, मीच करार नीट वाचला नाही. किमतीचा तिसरा हिस्सा अर्न-आउटमध्ये, म्हणजे पुढची २ वर्षं नफ्याचं टार्गेट गाठलं तरच मिळणार. आणि खर्चावर ताबा कोणाचा? नव्या मालकाचा! हेड ऑफिसचा खर्च आमच्या माथी मारला, नफा आटला, हिस्सा बुडाला. टार्गेट ठेवायचंच तर विक्रीवर ठेवा. वर ३ वर्षं त्याच लाईनमध्ये काम करायचं नाही ही अट. घरी बसून बायकोच्या डब्यांना लेबलं चिकटवली.

---

लेबलं! हहपुवा (हसून हसून पुरेवाट)

---

मी नाही विकला. ड्यू डिलिजन्समध्ये, म्हणजे घेण्याआधीच्या तपासणीत, निघालं की ६० टक्के विक्री एकाच गिऱ्हाइकाची, आणि तो फक्त माझ्याशीच बोलतो. घेणारा म्हणाला, मग मी धंदा घेतोय की तुम्हाला? भाव पाडला. राग आला, पण खोटं कुठे होतं. २ वर्षं माणसं तयार केली. आता महिनाभर फिरकलो नाही तरी चालतं, त्यामुळे विकावंसंच वाटत नाही.

---

याहू आठवा. २००८ मध्ये मायक्रोसॉफ्ट ४४.६ अब्ज डॉलर देत होतं, नाही म्हणाले. २०१७ मध्ये मुख्य धंदा वेरायझनला साडेचार अब्जांच्या आत गेला.

---

आपल्याला कोण अब्ज देतंय हो

---

आमच्याकडे यावरूनच भावाशी बोलणं बंद आहे. तो म्हणतो बाबांचं नाव, मी म्हणते बाबांचं ब्लडप्रेशर. बाळ उठलं, नंतर लिहिते.

---

ताई, धंद्याचं राहू द्या, आधी भावाला फोन करा.

---

धागाकर्ते, अडकणाऱ्या कुलपात तेल नाही घालायचं, धूळ धरतं. किल्लीवर पेन्सिल घासायची.

---

अहो, दारच विकलं, आता पेन्सिल कुठे घासू!