समोरच्याकडे पॉलिसीच नाही

सी-४०२ : काल संध्याकाळी आमच्या ह्यांच्या स्कूटरला गेटसमोर बाईकवाल्याने ठोकलं. खांद्याचं हाड मोडलंय, ऑपरेशन सांगितलंय. त्या मुलाच्या गाडीचा नंबर एमपरिवहनवर टाकून बघितला तर इन्शुरन्स मार्चमध्येच संपलाय! म्हणतो काकू केस करू नका, औषधाचे देतो. ऑपरेशनचं काय मग??

ए-१०१ : फार वाईट झालं. मी २ वर्षं सांगतोय, गेटसमोर गतिरोधक हवा.

डी-२०३ : ताई तोंडी काही मान्य करू नका. आधी एफआयआर, पंचनामा. हॉस्पिटल सरकारच्या कॅशलेस योजनेत आहे का ते आत्ताच विचारा, मे २०२५ पासून रस्ता अपघातात ७ दिवसांपर्यंत दीड लाखाचे उपचार मिळतात, समोरच्याचा इन्शुरन्स असो नसो

बी-५०४ : काकांच्या स्कूटरची थर्ड पार्टी असेलच ना, त्यात सगळं येतं.

डी-२०३ : नाही हो दादा, हाच तर घोळ आहे. थर्ड पार्टी म्हणजे आपण दुसऱ्याचं नुकसान केलं तर. आपली स्कूटर आपल्याच ओन डॅमेजमधून, म्हणजे आपल्या गाडीच्या नुकसानीच्या विम्यातून दुरुस्त होते आणि हॉस्पिटल मेडिक्लेममधून.

बी-५०४ : माझी नवीन आहे, ५ वर्षांची पॉलिसी आहे 👍

डी-२०३ : ५ वर्षांची थर्ड पार्टी. ओन डॅमेज बहुतेक १ वर्षाचंच असतं, कागद काढून बघा.

सी-४०२ : आणि स्कूटरच्या पॉलिसीसोबतचं ते मालक-चालकाचं १५ लाखांचं अपघात कव्हर? त्याचे पैसे दरवर्षी भरतोय आम्ही

डी-२०३ : ते मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तर ताई. नुसत्या फ्रॅक्चरला नाही मिळत. म्हणून घरच्यांचा वेगळा अपघात विमा घ्या म्हणून मी मागे लागतो, त्यात अशा दुखापतीला आणि बुडालेल्या पगाराला काही मिळतं का ते विचारून घ्यायचं.

ए-१०१ : गतिरोधक असता तर ही वेळच आली नसती.

बी-३०१ : काका गतिरोधकाचं कळलं, कमिटीने अर्ज दिलाय. आणि गेटसमोर पाहुण्यांच्या गाड्या कोणाच्या असतात ते पण एकदा बोलूया 🙏

ए-१०१ : माझा जावई महिन्यातून एकदा येतो.

सेक्रेटरी : कृपया विषयाला धरून बोला.

बी-५०४ : कोर्टात जाऊन काय होणार, त्या पोराकडे आहे काय द्यायला.

डी-२०३ : गाडी कोणाच्या नावावर आहे ते बघा ना, मालकही जबाबदार असतो. ट्रिब्युनलने, म्हणजे अपघाताच्या भरपाईचे दावे बघणाऱ्या न्यायाधिकरणाने, रक्कम ठरवली आणि दिली नाही तर कलेक्टर जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करू शकतो. वेळ लागतो हे मान्य, पण कायद्यात तिथल्या अर्जाला अपघातापासून ६ महिन्यांचीच मुदत आहे, विचार करण्यात ती घालवू नका.

बी-३०१ : इन्शुरन्स नसला तर पहिल्यांदा दंड फक्त २००० रुपये, मग कोण भरतंय

डी-२०३ : ३ महिन्यांपर्यंत कैदही आहे त्यात.

ए-१०१ : गतिरोधकाच्या अर्जाची पोच कोणाकडे आहे?

सी-४०२ : मी उद्या १० ला पोलीस स्टेशनला जाते. ह्यांच्याजवळ लेक बसेल. सोबत कोणी येईल का, मला एकटीला बोलता येणार नाही तिथे

डी-२०३ : मी येतो ताई. स्कूटरचे फोटो आणि आरसी घ्या, दुरुस्तीला आत्ता टाकू नका.

ए-१०१ : मीही येतो. गाडी माझी काढू.