रिबन काढा, दोरी परत आणा: सीनियर वैयक्तिक प्रकारात हे व्हायला हवं का?

तिरकी_फेक
सरळच लिहितो. रिदमिक जिम्नॅस्टिक्सच्या सीनियर वैयक्तिक स्पर्धेतून २०११ पासून दोरी गेली. हूप, बॉल, क्लब्ज आणि रिबन उरले. माझ्या मते चुकीच्या साधनाला घरी पाठवलं. रिबन म्हणजे ६ मीटर लांब, ४ ते ६ सेंटिमीटर रुंद पट्टी, काठी सोडून वजन किमान ३५ ग्रॅम. मीटरमागे सहा ग्रॅमही नाहीत! हॉलमधल्या एसीचा झोत लागला की फेक भरकटलीच. हूप किमान ३०० ग्रॅमचं आणि बॉल ४०० ग्रॅमचा, त्यांना त्या झोताने फारसा फरक पडत नाही. वर पट्टीला गाठ पडण्याची टांगती तलवार. चारही साधनांचे गुण मिळून विजेती ठरते, मग त्यातलं एक हवेच्या मर्जीवर कशाला? कुठलंही निकालपत्रक काढा, बहुतेकींचे रिबनचे गुण बाकी तिन्हींपेक्षा कमी दिसतील.

मनगटवाली
गुण कमी येतात कारण साधन अवघड आहे. अवघड म्हणजे अन्यायकारक नव्हे.

आणि गाठ आभाळातून पडत नाही. मनगटातून निघालेली लाट शेपटापर्यंत पोचायला वेळ लागतो. ती पोचायच्या आत हात थांबवला किंवा उलट फिरवला, की काठीजवळचा वेढा मागून येणाऱ्या शेपटावर पडतो. त्यानंतर लगेच जोरात ओढ दिली की शेपूट त्या वेढ्यातून जातं आणि गाठ आवळते. नीट पाहिलं तर बहुतेक गाठी फेकीत होतच नाहीत, त्या फेकीच्या आधीच्या घाईत होतात. स्पायरलमध्ये, म्हणजे पट्टीच्या गोल वेढ्यांच्या आकृतीत, चार-पाच वेढे जवळजवळ आणि एकाच उंचीचे हवेत. ते पूर्ण न करता पुढच्या हालचालीत उडी मारायची आणि खापर एसीवर फोडायचं, हे काही बरं नाही.

हूपाळू
+१. सर्पाकृतीतही, म्हणजे नागमोडी लाटांच्या आकृतीतही, तेच. हालचाल मनगटाची हवी. कोपर आणि खांदा मध्ये आले की लाटा मोठ्या, कमी आणि ढिल्या होतात, शेपूट जमिनीवर लोळतं. लोळणाऱ्या शेपटावर पाय पडला की पुढचं सांगायला नको.

तिरकी_फेक
मनगटवाली, तुमचं तंत्राचं म्हणणं मान्य. पण ही घाई आणली कोणी? २०१८ मध्ये काठिण्यगुणांची (अवघड हालचालींसाठी मिळणाऱ्या गुणांची) कमाल मर्यादा काढली आणि सेटमध्ये, म्हणजे एका साधनाच्या सादरीकरणात, जेवढं कोंबता येईल तेवढं कोंबायला सुरुवात झाली. वेळ मात्र तोच, सव्वा ते दीड मिनिट. बॉलवर कौशल्यं एकाला एक जोडता येतात. रिबनला आकृती काढायलाच वेळ लागतो.

काठावरचा_पंच
मग हा दोष रचनेचा झाला, रिबनचा नाही! तुम्हीच तुमच्या मुद्द्याला उत्तर दिलंत. नंतरच्या नियमावलीत साधन-कौशल्यांच्या संख्येला लगाम घातला गेला तो याचसाठी. लगाम अजून आवळा, हरकत नाही. त्यासाठी साधन कशाला काढायचं?

रिबन पडली म्हणजे सगळं संपलं, असंही नाही. पडून जागीच उचलली तर ०.५० गुण कापतात, एक-दोन पावलं टाकावी लागली तर ०.७०, तीन किंवा जास्त पावलं अथवा मैदानाबाहेर गेली तर १.००. टोकियो ऑलिंपिकमध्ये इस्रायलच्या लिनोय अश्रामची रिबन शेवटच्या सेटमध्ये पडली, तरी १०७.८०० गुणांनी सुवर्ण तिचंच. रशियाची दिना अवेरिना १०७.६५० वर राहिली. त्या निकालावर वाद झाला आणि तो अजून मिटलेला नाही, पण एका चुकीने स्पर्धा हातची जाते असं तर त्यातून सिद्ध होत नाही.

गाठसोडवी
दोरीवाल्यांना एक विचारायचंय. दोरी कमी लहरी आहे असं वाटतं का तुम्हाला? तिला मूठ नाही, दोन्ही टोकांना फक्त गाठी. फेकताना दोन्ही टोकांना सारखी गती मिळाली नाही तर ती हवेतच दुमडते आणि झेलताना एक टोक हातात, दुसरं जमिनीवर. खालून दोन गिरक्या घेऊन वर पाहावं तर दोरीचा आकारच बदललेला! हूपला स्वतःचा आकार असतो, दोरीला तो सतत द्यावा लागतो.

तिरकी_फेक
बरोबर, आणि म्हणूनच ती हवी. दोरीतून सलग उड्या मारायला जो दम लागतो तो बाकी कुठल्या साधनात दिसतो? शिवाय दोरी खेळाडूच्या उंचीनुसार घेतात: मध्यावर उभं राहायचं, टोकं काखेपर्यंत यायला हवीत. रिबन मात्र बुटक्या खेळाडूलाही ६ मीटर आणि उंच खेळाडूलाही ६ मीटर. दीड मीटर उंचीच्या मुलीचा हात वर केला तरी शेपूट जमिनीपासून सुटायला तिला जास्त जोर लावावा लागतो.

हूपाळू
हा मुद्दा मात्र बिनतोड आहे. ज्युनियरला ५ मीटर चालते, मग सीनियरलाही ५ ते ६ मीटरची मुभा का नको? बॉलचा व्यास १८ ते २०, हूपचा ८० ते ९० सेंटिमीटर, सगळीकडे निवडीला वाव आहे. लांबीत तेवढा नाही.

मनगटवाली
मुभा दिलीत तर सगळ्याच ५ मीटर घेतील, उंच मुलीसुद्धा. मोठ्या फेकीत मागून येणारी ती लांबलचक रेघ जाईल. १३ बाय १३ मीटरच्या मैदानावर ६ मीटरची रेघच शोभते. माझा ठाम विरोध.

गाठसोडवी
लांबीचा वाद चालू द्या, पण निम्म्या तक्रारींचं मूळ काठी आणि पट्टीच्या जोडात असतं. तिथली फिरकी मोकळी फिरत नसेल तर प्रत्येक वर्तुळाचा पीळ पट्टीत साठतो, पट्टी सुतळीसारखी वळते आणि स्पायरल उघडतच नाही. काठीजवळची पट्टी जास्तीत जास्त १ मीटरपर्यंत दुहेरी शिवायची मुभा आहे. ती शिवण सुरकुतली असेल तर लाट तिथेच मरते. सेटआधी पट्टीला हलकी इस्त्री करून ती सैल गुंडाळून ठेवायची, घडी नको. घडीच्या जागी पट्टी मोडते आणि पहिली गाठ बहुधा तिथेच बसते. काठी ५० ते ६० सेंटिमीटरची चालते. टोक तळव्यात, तर्जनी काठीवर सरळ. मुठीत आवळून धरली की मनगट अडकलंच.

तिरकी_फेक
फिरकीचं पटलं. एसीचं अजून नाही.