सात वर्षे उभा राहून जाम झालेला जुना लहान ट्रॅक्टर: इंजिन पूर्ण खोलावे का?

प्रश्न

दोन सिलिंडरचा, पाण्याने थंड होणारा, सुमारे १५ अश्वशक्तीचा एक जुना लहान डिझेल ट्रॅक्टर नुकताच माझ्याकडे आला आहे. मागच्या मालकाच्या सांगण्यानुसार तो उभा करून ठेवला त्या दिवशी व्यवस्थित चालत होता. त्यानंतर सात वर्षे तो उघड्यावरच होता. आता इंजिन पूर्ण जाम आहे. फ्लायव्हीलच्या दातांत पहार अडकवून जोर लावला तरी ते केसभरही हलत नाही, म्हणून अधिक जबरदस्ती न करता मी हेड उतरवले. पहिल्या सिलिंडरची भिंत तेलकट आणि स्वच्छ निघाली, पण दुसऱ्यात पिस्टनच्या माथ्यावर चार-पाच चमचे लालसर चिखल साचलेला होता आणि तो पुसून काढल्यावर भिंतीवर गंजाचा बोटभर रुंद पट्टा दिसला. चेंबरचा (इंजिनखालच्या तेलाच्या टाकीचा) नट सैल केला तेव्हा तेलाच्या आधी पेलाभर पाणी बाहेर आले.

एका जाणकाराने सांगितले की हेड परत बसवावे आणि दुसऱ्या ट्रॅक्टरने ओढावे, म्हणजे इंजिन सुटेल. दुसऱ्याच्या मते पिस्टन, लायनर (सिलिंडरची आतली, बदलता येणारी नळी), बेअरिंग सगळेच नवे टाकून इंजिन फुल बांधावे. मला दोन्ही सल्ले टोकाचे वाटतात. जाम सोडवण्याची सुरक्षित पद्धत कोणती, कोणता भाग बदलायचा आणि कोणता ठेवायचा हे कशावरून ठरवावे, आणि या कामासाठी ट्रॅक्टर मधून वेगळा करावा लागेल का, हे कृपया सांगावे. मॉडेलची पाटी गंजून गेल्यामुळे माहितीपुस्तिका अजून मिळालेली नाही.

उत्तर १

ओढून सुरू करण्याचा विचार पहिल्यांदा डोक्यातून काढून टाका. ही चूक मी स्वतः केली आहे. माझे इंजिन एका धक्क्यात सुटले आणि सुरूही झाले, पण पांढरा धूर काही केल्या जाईना. शेवटी हेड काढून दोन्ही पिस्टन वरच्या टोकाला आणून पातळी मोजली, तेव्हा एक पिस्टन दुसऱ्यापेक्षा दीड मिलिमीटर खाली थांबत होता. कनेक्टिंग रॉड वाकला होता आणि त्या सिलिंडरला पुरेसे कॉम्प्रेशनच मिळत नव्हते.

चिखल एकाच सिलिंडरमध्ये का, याचे उत्तर बहुधा सायलेन्सरमध्ये सापडेल. उभ्या सायलेन्सरच्या तोंडावर झाकण नसले की पावसाचे पाणी सरळ आत उतरते, आणि इंजिन थांबले तेव्हा ज्या सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडा राहिला त्यातच ते साचते. तेथून ते रिंगांमधून झिरपत चेंबरपर्यंत पोहोचते. त्यामुळे चेंबरमधल्या पाण्यासाठी लगेच हेड गॅस्केटला दोष देऊ नका.

सोडवण्यासाठी आधी पिस्टनच्या वरचा गंज बारीक पॉलिश पेपरने उतरवा, कारण तो पट्टा तसाच राहिला तर पिस्टन वर येताना त्यातच पुन्हा अडकेल. मग ऑटोमॅटिक गिअरचे ऑईल आणि ॲसिटोन समप्रमाणात मिसळून दोन्ही सिलिंडरमध्ये ओता आणि आठवडाभर तरी ते मुरू द्या. हे मिश्रण लवकर पेट घेते, तेव्हा जवळ कोणतीही ज्योत नको. त्यानंतर एकाने क्रँकच्या पुढच्या नटाला लांब पान्हा लावून मागे-पुढे हलका ताण द्यावा आणि दुसऱ्याने पिस्टनच्या माथ्यावर त्याच मापाचा लाकडी ठोकळा ठेवून बेताने ठोकावे. एक मिलिमीटर जरी हालचाल झाली तरी काम झाले असे समजा. तेल टाकत तेवढ्यातच मागे-पुढे करत राहा, एकदम पूर्ण फेरा देण्याचा हट्ट धरू नका.

उत्तर २

काय बदलायचे हे डोळ्यांनी ठरत नाही, मोजमापाने ठरते. "सगळे नवे टाका" म्हणणारा माणूस चुकीचा असतोच असे नाही, पण त्याने मोजलेले काहीच नसते. आपल्याकडे बाहेरचा मायक्रोमीटर, बोअर गेज (सिलिंडरचा आतला व्यास, म्हणजे बोअर, मोजण्याचे साधन), फीलर गेज (फट मोजण्याच्या पातळ पत्र्या) आणि एक सरळ पट्टी असली तर बहुतेक निर्णय घरीच घेता येतील.

सुरुवात लायनरपासून करा. लायनर ओला आहे की कोरडा हे आधी ओळखावे लागेल. ओल्या लायनरला बाहेरून थेट पाणी लागते, त्याला वर कॉलर आणि खाली रबरी ओ-रिंग असतात आणि तो पुलरने सहज निघतो. अशा इंजिनात पिस्टन अगदीच सुटत नसेल तर रॉडची टोपी खालून सोडून पिस्टनसकट लायनर वर काढता येतो, हा मोठा फायदा आहे. कोरडा लायनर ब्लॉकमध्ये दाबून बसवलेला असतो आणि नवा बसवल्यावर बोअर व होनिंग (भिंत दगडाने बारीक घासून मापात आणणे) करावे लागते. ते काम यंत्रशाळेतच होते.

बोअर तीन ठिकाणी मोजा: वरची रिंग जेथे थांबते त्याच्या किंचित खाली, मध्ये आणि तळाशी, आणि प्रत्येक ठिकाणी दोन दिशांनी, क्रँकला समांतर आणि क्रँकला काटकोनात. सर्वांत जास्त झीज वर आणि काटकोनाच्या दिशेत सापडते, कारण स्फोटाचा दाब आणि पिस्टनचा बाजूचा रेटा तेथेच असतो. लहान इंजिनांत बोअर बदलण्याची मर्यादा साधारण ०.१५ मिलिमीटर झिजेच्या आसपास असते, पण पुस्तिकेतील आकडा मिळाला की तोच अंतिम माना. त्यानंतर रिंग एकटीच बोअरमध्ये घालून पिस्टनने चौकोनी सरळ ढकला आणि तोंडाची फट मोजा. ७५ मिलिमीटरच्या बोअरला नव्या रिंगची फट साधारण पाव मिलिमीटर येते, आणि ती एक मिलिमीटरच्या पुढे गेली असेल तर रिंग किंवा बोअर संपलेला आहे. गंजाच्या खड्ड्यांसाठी मात्र वेगळी कसोटी आहे. नखाची धार भिंतीवरून वरून खाली ओढा. खड्डा नुसता काळा डाग म्हणून दिसत असेल तर होनिंगने चालून जाईल. नख अडकत असेल आणि ती जागा रिंगच्या मार्गात असेल तर लायनर गेला.

क्रँकचे जर्नल (बेअरिंगमध्ये फिरणारे गोल भाग; रॉड बसतो त्यांना पिन म्हणतात) दोन काटकोनी दिशांनी मोजा. गोलाईतला फरक ०.०५ मिलिमीटरच्या वर असेल तर क्रँक ग्राइंड करून ०.२५ मिलिमीटर अंडरसाइजचे शेल (बेअरिंगच्या अर्धगोल पट्ट्या) घ्यावे लागतात. शेल आधी विकत घेऊन ठेवू नका, ग्राइंडिंगनंतर कोणत्या मापाचे लागतील ते तेव्हाच ठरते. हेडवर सरळ पट्टी आडवी, उभी आणि तिरकी ठेवून खालून फीलर घाला. १०० मिलिमीटर लांबीत ०.०५ मिलिमीटरपेक्षा जास्त वाक असेल तर हेड फेस करावे (यंत्रावर घासून सपाट करावे) लागेल. दोन व्हॉल्व्हच्या मधल्या अरुंद पुलावर केसासारखी भेग आहे का हे डाय पेनिट्रंटने (भेगेत शिरून ती दाखवणाऱ्या रंगाने) तपासा, नुसत्या नजरेने ती चुकते.

ट्रॅक्टर मधून वेगळा करावा लागेल का, याचे उत्तर क्रँकवर अवलंबून आहे. रिंग आणि लायनरचे काम बहुधा जागेवरच होते; क्रँक काढायचा असेल तर मात्र इंजिन क्लच हाउसिंगपासून सुटे करावेच लागेल. या ट्रॅक्टरांना वेगळी चासी नसते, इंजिनच सांगाड्याचे काम करते. पुढचा ॲक्सल मध्ये एकाच पिनवर झुलतो, म्हणून सोडवण्याआधी ॲक्सल आणि ब्रॅकेट यांच्यामध्ये दोन्ही बाजूंना लाकडी पाचरी घट्ट ठोका, नाहीतर इंजिनसह पुढचा भाग कुशीवर पडतो. दोन्ही अर्ध्यांना स्वतंत्र आधार द्या. नुसत्या जॅकच्या भरवशावर कोणीही खाली जाऊ नये.

उत्तर ३

इंधन पंप काढलात तर त्याच्या खालच्या पातळ शिम मोजून दोऱ्यात बांधून ठेवा, कारण अनेक लहान इंजिनांत ०.१ मिलिमीटर शिमने इंजेक्शनची वेळ सुमारे एक अंश बदलते. इंजेक्टर तपासणी यंत्रावर उघडण्याचा दाब आणि फवारा दोन्ही पाहून घ्या आणि त्याखालची तांब्याची वायसर प्रत्येक वेळी नवी टाका. तपासताना फवाऱ्यासमोर हात कधीही नेऊ नका. त्या दाबाचे डिझेल कातडी फोडून आत शिरते. भाग मागवताना ट्रॅक्टरच्या नावापेक्षा ब्लॉकवर ओतलेला इंजिनचा क्रमांक उपयोगी पडतो, तो तारेच्या ब्रशने घासून वाचा.

प्रश्नकर्ता

आपण सर्वांनी वेळ काढून लिहिल्याबद्दल आभारी आहे. नवव्या दिवशी पिस्टन सुटला. ब्लॉकवरचा क्रमांक वाचता आला आणि त्यावरून पुस्तिकाही मिळाली. लायनर ओले आहेत. पहिल्या सिलिंडरची झीज ०.०४ मिलिमीटर आहे. दुसऱ्याचीही तेवढीच आहे, पण वरच्या रिंगच्या मार्गात दोन ठिकाणी नख स्पष्ट अडकते. क्रँकच्या दुसऱ्या पिनला ०.०६ मिलिमीटरचा फरक आहे, पहिली पिन मर्यादेत आहे. हेड सरळ आहे आणि भेग नाही. मग फक्त दुसरा लायनर व पिस्टन बदलून आणि एकच पिन ग्राइंड करून भागेल का?

उत्तर २ देणारे

एकच लायनर बदलणे चुकीचे नाही. पहिल्याची झीज इतकी कमी आहे की तो टाकून देण्याचे कारण मला दिसत नाही. त्याला होनिंग करून नव्या रिंग घाला. अट एवढीच की नवा पिस्टन जुन्याच्या वजनाशी जुळला पाहिजे, म्हणून दोन्ही पिस्टन गजन पिनसह (पिस्टन रॉडला जोडणाऱ्या पिनसह) तराजूवर ठेवून पाहा. क्रँकच्या पिना मात्र दोन्ही ग्राइंड करून एकाच मापाचे शेल वापरा, नाहीतर पुढे कोणीतरी चुकीचे शेल मागवेल.

लायनर बसवण्याआधी ब्लॉकमधली कॉलरची बैठक चाकूने खरवडून चकचकीत करा. ओ-रिंगला साबणाचे पाणी लावून लायनर हातानेच दाबा. हातोडा लागत असेल तर ओ-रिंग पिळली गेली आहे, बाहेर काढून पुन्हा बसवा. बसल्यावर कॉलर ब्लॉकच्या पातळीपेक्षा काही शतांश मिलिमीटर वर असायला हवी. ती खाली राहिली तर गॅस्केट तेथे दाबले जाणार नाही आणि महिन्याभरात पाणी फुटेल. होनिंगनंतरची भिंत डिझेलने धुऊ नका, त्याने कुरुंदाची पूड भिंतीच्या रेघांमध्येच बसून राहते. गरम पाणी, साबण आणि ब्रश वापरा, पांढरे फडके करडे होणे थांबेपर्यंत पुसा आणि लगेच तेलाचा हात फिरवा.

हेड कायमचे आवळण्याआधी पिस्टनच्या माथ्यावर ग्रीसने तीन ठिकाणी मऊ सोल्डर तारेचे तुकडे चिकटवा, गॅस्केटसह हेड ठरलेल्या टॉर्कने आवळा, क्रँक हाताने एक फेरा फिरवा आणि हेड काढून चेपलेल्या तारेची जाडी मोजा. पिस्टन आणि हेड यांच्यातले खरे अंतर एवढ्यानेच कळते. तार किंचित चेपली असेल आणि जाडी पुस्तिकेच्या आकड्यापेक्षा जास्त आली, तर कॉम्प्रेशन कमी पडेल. अंतिम बसवताना हेडचे बोल्ट मध्यापासून बाहेर तीन टप्प्यांत आवळा.

पहिल्यांदा सुरू करण्यापूर्वी इंधन बंद ठेवून ऑईलचा दाब दिसेपर्यंत स्टार्टर थांबून थांबून फिरवा. हवेच्या नळीच्या तोंडाशी एक सपाट फळी घेऊन माणूस उभा करा. पंपाचा रॅक (इंधनाचे प्रमाण कमी-जास्त करणारी दांडी) अडकून इंजिन बेभान सुटले तर हवा बंद करणे हाच उपाय उरतो, आणि ती हाताच्या पंजाने कधीही बंद करायची नसते. सुरू झाल्यावर ते तासभर नुसते रिकामे चालवत बसू नका, त्याने रिंग बसण्याआधीच भिंत गुळगुळीत होते. पाच-दहा मिनिटांत तापले की हलका भार द्या, भार थोडा थोडा वाढवत न्या आणि पहिल्या दहा तासांनी ऑईल बदला. रंगकाम या दहा तासांनंतरच करावे. गळती असेल तर ती धुतलेल्या कोऱ्या लोखंडावर लगेच नजरेस पडते.