साखर कारखाना: ऑफिसातून प्रोसेस शिकायची तर सुरुवात कुठून करावी?

कॉस्टिंगवाला

नमस्कार. साखर कारखान्याच्या कॉस्टिंगमध्ये आहे, शिक्षण कॉमर्सचं. या हंगामापासून रोजचा मॅन्युफॅक्चरिंग रिपोर्ट आमच्या टेबलावरून तपासून पुढे जाणार आहे. बेरजा जुळतात, पण त्यामागे काय चालतं ते समजत नाही. गाळप दिवसाला ५००० टन, डबल सल्फिटेशन (रस आणि आटवलेला रस, म्हणजे सिरप, दोन्हींना गंधकाचा धूर देणं), ए-बी-सी तीन मॅसेक्विट (दाणे आणि पाक यांचं घट्ट मिश्रण, तीन टप्प्यांत).

अडलंय ते असं. ऊस ५००० टन आणि रस ५३५० टन, हे कसं काय? काल उतारा (शंभर टन उसामागे निघालेली साखर) १०.४, आज ११.९. ऊस त्याच गटातला, मग एका रात्रीत गोड झाला का? ‘अज्ञात घट’ म्हणजे साखर नक्की कुठे जाते? आणि प्लँटवर कुठून बघायला लागावं, म्हणजे कुणाच्या पायात येणार नाही?

लॅब_रात्रपाळी

रस जास्त दिसतो कारण त्यात पाणी आहे. शेवटच्या मिलमध्ये जाणाऱ्या चिपाडावर गरम पाणी सोडतात, त्याला इंबिबिशन म्हणतात. शेवटच्या मिलचा पातळ रस तिच्या आधीच्या मिलवर, तिथला त्याच्याही आधीच्या मिलवर, असा उलटा फिरतो आणि पहिल्या दोन मिलमधून ‘मिश्र रस’ म्हणून बाहेर पडतो. एवढं समीकरण वहीत लिहून ठेवा: ऊस + पाणी = मिश्र रस + बगॅस (शेवटी उरलेलं चिपाड). १०० टन उसाला ३५ टन पाणी दिलं की साधारण १०७ टन रस आणि २८ टन बगॅस. तुमचे ५३५० इथून आले.

आता हिशेबवाल्याने लक्ष द्यावं अशी गोष्ट. यात मोजलं जातं ते तीनच: ऊस काट्यावर, पाणी आणि रस मीटरवर. बगॅस वजन करून घेत नाहीत, ती वजाबाकीतून येते. पोल म्हणजे लॅबच्या मोजमापातली साखर. ‘पोल टक्के ऊस’सुद्धा थेट उसात मोजलेला नसतो. रसातली पोल अधिक बगॅसमधली पोल, असा तो मागून काढलेला असतो.

१०० टन उसात १३ टन पोल धरा. बगॅस २८ टन, तिच्यात पोल २ टक्के, म्हणजे ०.५६ गेली. प्रेसमड (रस गाळून उरलेला गाळ) ४ टन, पोल २ टक्के, ०.०८. अंतिम मोलॅसिस (साखर काढून उरलेला काळा पाक) ४.२ टन, ब्रिक्स (विरघळलेले घन पदार्थ, टक्क्यांत) ८८, शुद्धता (त्या घन पदार्थांत पोल किती टक्के) ३०, म्हणजे १.११. अज्ञात ०.१०. एकूण १.८५. उरलेली ११.१५ पोत्यात यायला हवी.

अज्ञात घट ही उरलेली वजाबाकी आहे, म्हणून सगळ्या मीटरच्या चुका तिच्या अंगावर येतात. रसाचा मीटर एक टक्का जास्त दाखवू लागला की रसातली पोल सुमारे ०.१२ ने फुगते, बगॅस कागदावर कमी होते, आणि ०.१० ची अज्ञात घट ०.२० होते. साखर एक दाणाही गेलेली नसते. आणि ती उणे आली तर समजा मीटर, नमुना किंवा साठा यांपैकी काहीतरी चुकलंय. उणे घट असलेल्या रिपोर्टवर सही करू नका.

खरोखर जाते तेव्हा तीन वाटा असतात. पहिली इन्व्हर्जन: रस आम्ल आणि गरम राहिला की साखर फुटून ग्लुकोज-फ्रुक्टोज होते, आणि त्याचा दाणा बनत नाही. म्हणून स्वच्छ रसाचा पीएच ६.९ ते ७.० वर धरतात. दुसरी, उकळताना वाफेबरोबर थेंब उडून कंडेन्सरच्या पाण्यात जाणं. त्यासाठी लॅबमध्ये अल्फा नॅफ्थॉल आणि सल्फ्युरिक ॲसिडची चाचणी असते. नळीत जांभळी कडी दिसली की पाण्यात साखर आहे. तिसरी सांडलवंड. पंपाच्या ग्लँडखाली चिकट डबकं दिसलं तर ते रिपोर्टात शोधायची गरज नाही.

पॅनघर

१०.४ आणि ११.९ चं उत्तर ऊस गोड होण्यात नाही, पॅन (सिरप उकळून दाणा बनवायचं भांडं) कधी सोडला, म्हणजे रिकामा केला, यात आहे.

६० टनांचा एक ए पॅन सुटला की सेंट्रिफ्युगलमधून (दाणे आणि पाक वेगळे करणारं फिरतं यंत्र) धरून चाला २८ टन साखर निघते. ५००० टन गाळपावर ती ०.५६ टक्के होते. बऱ्याच कारखान्यांत पाळ्या चार-बारा-आठ असतात आणि दिवस पहाटे चारला बंद होतो. पॅन साडेतीनला सोडला तरी त्यातली पोती चारनंतरच भरतात. एखाद-दोन पॅन असे इकडचे तिकडे झाले की दीड टक्क्याचा फरक सहज पडतो. म्हणून ‘आज’ रकाना फार मनावर घेऊ नका, ‘आजअखेर’ बघा. आणि पोत्यांवरचा उतारा व प्रोसेसमधला साठा धरून काढलेला उतारा वेगळे ठेवा.

साठा काढताना प्रत्येक टाकीची पातळी, ब्रिक्स आणि शुद्धता घेतात आणि त्यातली किती साखर हाती येईल ते एसजेएम सूत्राने (साखर, टाकीतला माल आणि मोलॅसिस यांच्या शुद्धतेवरून) ठरवतात. मोलॅसिसची शुद्धता ३० धरली तर ८५ शुद्धतेच्या सिरपमधल्या १०० किलो पोलमधून ९२ किलो मिळते, ६० शुद्धतेच्या सी मॅसेक्विटमधून ७१ च. कुणी टाकीची पातळी अंदाजाने लिहिली की उतारा हवा तसा दिसतो. तपासायचं ते हे पान.

बघायला कुठून लागावं? सगळे गव्हाणीपासून (ऊस टाकायची जागा) सांगतील. माझं मत, हिशेबवाल्याने उलटं यावं: आधी पोती, मग ग्रेडर (दाणे आकाराने वेगळे करणारी चाळणी), मग सेंट्रिफ्युगल, मग पॅन. पोत्यावरच्या एम-३० मध्ये एम दाण्याचा आकार आणि ३० रंग, हे चाळणीपाशी उभं राहिलं की दहा मिनिटांत कळतं.

पॅनवर गेलात की पॅनमनच्या हातातली काच बघा. प्रूफ स्टिकने काढलेला थेंब तो काचेवर पसरून दिव्यासमोर धरतो. सारखे, कडा धारदार असलेले दाणे म्हणजे ठीक. मधेच भुकटीसारखे नवे कण दिसले की फॉल्स ग्रेन. सिरप जास्त घट्ट झालं किंवा व्हॅक्यूम अचानक वाढून पॅन थंड पडला की ते बनतात. वेळेवर पाणी देऊन विरघळवले नाहीत तर सेंट्रिफ्युगलची जाळी तुंबते, धुवायला पाणी जास्त लागतं, आणि साखर धुऊन परत मोलॅसिसमध्ये जाते. अंतिम मोलॅसिसची शुद्धता एका अंकाने वाढली तर वर लॅबवाल्यांनी दिलेल्या आकड्यांवर दिवसाला सुमारे ३७ पोती (५० किलोची) जातात.

मिल_फिटर

पॅनघरवाल्यांशी थोडं असहमत. उतारा आणखी खाली येतो तो गाडीतळावर. तोडीपासून चोवीस तासांत ऊस गव्हाणीत पडला पाहिजे. शिळ्या उसात ल्युकोनोस्टॉक जिवाणू डेक्स्ट्रान नावाचा चिकट पदार्थ तयार करतात. त्याने रस घट्ट होतो, गाळ नीट बसत नाही, दाणा सुईसारखा लांबट होतो, आणि गंमत म्हणजे पोल खोटी जास्त दिसते. मिलखालच्या पन्हाळीला बुळबुळीत थर दिसला तर तो त्याच जिवाणूंचा. म्हणून काट्याच्या स्लिपवरची तोडीची तारीख बघायची सवय लावा.

मिलवर दोन आकडे विचारा: बगॅसची ओल आणि पोल. ओल ५० च्या आसपास हवी. ती ५२ झाली की बॉयलरवाला ओरडतो, कारण ओली बगॅस नीट जळत नाही, स्टीम प्रेशर पडतं आणि मिल हळू करावी लागते. म्हणून पाणी हवं तेवढं ओतता येत नाही. शिवाय ओतलेलं सगळं पुढे बाष्पीभवनात स्टीम खर्चून उडवावं लागतं.

आणि मफलर, लुंगी, ओढणी, सैल बाही गव्हाणीजवळ नको. सल्फर भट्टीपाशी वारा जिकडून येतो त्या बाजूला उभं राहा. कुणाला काही विचारायचं तर पाळी बदलताना नाही, पाळी लागून तासभर झाल्यावर.

कॉस्टिंगवाला

खूप आभार. दोन शंका. स्टोअरच्या व्हाउचरवर ‘मळी’ लिहिलंय, कधी डिस्टिलरीला, कधी शेतकऱ्याला. एकच वस्तू आहे का? आणि बी-हेवी चालू केल्यापासून उतारा सरळ पडलाय.

लॅब_रात्रपाळी

नाही. डिस्टिलरीला जाते ती मोलॅसिस, शेतकरी ट्रॉलीने नेतो ती फिल्टरवरची प्रेसमड. दोन्हींना मळी म्हणतात. एक टाकीत मोजून सरकारी नोंदीत चढते, दुसरी काट्यावरून जाते. व्हाउचरवर पूर्ण नाव लिहायला लावा, नाहीतर वर्षअखेरीला मोलॅसिसचा साठा जुळणार नाही.

बी-हेवीत सी पॅन लावतच नाहीत. बी मोलॅसिस सरळ इथेनॉलला जाते आणि तिच्यात साखर राहते. त्यामुळे उतारा सुमारे दीड टक्का कमी दिसतो. ती घट नाही, वळवलेली साखर आहे. रिपोर्टात वेगळ्या ओळीत दाखवा. एफआरपीचा (शेतकऱ्याला द्यायच्या किमान ऊसदराचा) पाया उताऱ्यावर आहे: २०२५-२६ साठी १०.२५ टक्क्यांना क्विंटलमागे ३५५ रुपये आणि वरच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला ३.४६ रुपये. वळवलेली साखर मिळवून काढलेला उतारा आणि पोत्यांवरचा उतारा एकाच रकान्यात आले तर सभासदांसमोर उत्तर तुम्हालाच द्यावं लागेल.

पॅनघर

आणि सी बंद झाल्यावर अंतिम मोलॅसिसची शुद्धता ३० ऐवजी ५० च्या वर दिसेल, घाबरू नका. मात्र साठ्याच्या पानावर एसजेएमला ३० तसेच राहिले असतील तर ते आजच बदलायला सांगा.